गाण्यांचा तोडणी प्रोग्रॅम

देवळाली प्रवरा येथील चार मित्रांनी आपापली आवडती गाणी एकमेकांना ऐकवावीत, यात कायद्याने हरकत घेण्यासारखं काही नव्हतं. सुरुवात झाली तेव्हा कोणाच्याही मनात कसलाही हेतू नव्हता, असं कल्याण आजही छातीवर हात ठेवून सांगतो. ते खरंच आहे. आपल्याकडे ज्या गोष्टी हेतूशिवाय सुरू होतात, त्यांनाच पुढे अध्यक्ष लागतो.

कल्याणचं ठिबकच्या सामानाचं दुकान. पुढे नळ्यांची वेटोळी, भिंतीला फिल्टर आणि मागे मालकाची फिरती खुर्ची. ही खुर्ची पुढे महत्त्वाची ठरणार असल्यामुळे तिची नोंद इथेच घेतलेली बरी. बाकीचे तिघे म्हणजे आसाराम, राधाकृष्ण आणि भार्गवी. चौघं पहिलीपासून एका वर्गात. आसाराम उसाचा शेतकरी, घरचा ट्रॅक्टर, आणि बोलायला इतका कंजूष की लग्नात नाव घ्यायची वेळ आली तेव्हा करवल्यांनी हात टेकले होते. राधाकृष्णची खताची एजन्सी. पण त्याचे वडील कुठल्या ना कुठल्या सोसायटीचे कायमचे संचालक, त्यामुळे त्यांच्या घरात आरतीसुद्धा सूचक आणि अनुमोदक ठरल्याशिवाय सुरू होत नसे. भार्गवी हायस्कुलात गणित शिकवायची. तिचे वडील विष्णुपंत हेडमास्तर होते आणि घरात पेटी होती, म्हणून संगीतातलं आपल्याला कळतं असं तिला वाटे. इतर तिघांनाही तसंच वाटे, फक्त त्यांच्याकडे पेटी नव्हती.

पूर्वी चौघं गुरुवारी संध्याकाळी आसारामच्या वस्तीवर जमायची. विहिरीच्या कठड्यावर बसायचं, ट्रॅक्टरवरचा टेप लावायचा, आणि आसारामची आई बनुबाई शेंगा भाजून आणायची. पुढे पोरंबाळं झाली, धंदे वाढले, गुडघे बोलायला लागले. गुरुवार आधी महिन्यातून एकदा आणि मग दिवाळीतून एकदा येऊ लागला. त्यावर भार्गवीनं उपाय काढला. ती एक दिवस दुकानात आली आणि तिनं मोबाईल कल्याणपुढे धरला.

“ही प्लेलिस्ट. आपल्या चौघांची. कुणीही गाणं टाकायचं, कुणीही ऐकायचं. बस.”

“आन एखादं नको असंल तर?”

“पुढे ढकलायचं. मित्राचं गाणं आहे कल्याण, सातबारा नाहीये.”

प्लेलिस्टला नाव दिलं ‘विहीर’. आणि ती विहीर अशी काही भरली की विचारू नका. भार्गवीची नाट्यगीतं आली, राधाकृष्णची वरातीतली गाणी आली, कल्याणची जुन्या सिनेमातली आली. कल्याण दुकानात एकटा असला की लावून बसायचा. नळी मोजता मोजता गुणगुणायचा. गिऱ्हाईकं म्हणायची, शेठ, लई खुशीत दिसता.

सगळ्यात नवल आसारामचं. जो माणूस फोनवर ‘हां’ आणि ‘बरं’ यांच्यापलीकडे जात नसे, तो गाण्यातून बोलायला लागला. त्याची लेक ज्ञानेश्वरी बाळंतपणाला माहेरी आली होती, आणि एका दुपारी त्यानं अंगाईगीत टाकलं. कल्याणनं गिऱ्हाईक तसंच ताटकळत ठेवून फोन लावला.

“आश्या, ज्ञानेश्वरी बाळंत झाली का रं?”

पलीकडे बराच वेळ नुसता श्वास. मग, “पोरगी झाली. तुला कसं कळलं, कल्या?”

आसारामच्या व्याह्यांनासुद्धा ती बातमी नंतर कळली. पुढे पोळ्याच्या तोंडावर त्यानं एक जुनं रडवेलं गाणं टाकलं, तेव्हा कल्याण दुकानाचं शटर ओढून थेट वस्तीवर गेला. म्हातारा बैल गेला होता. दोघं रिकाम्या दाव्यापाशी बसून राहिले. बोलायचं ते गाण्यात बोलून झालंच होतं. इतक्या वर्षांत आसाराम आपल्याला एवढा जवळ कधी नव्हता, असं त्या संध्याकाळी कल्याणला मनापासून वाटलं.

असं सुरळीत चाललेलं फार दिवस चालू देण्याची आपल्या जिल्ह्यात पद्धत नाही. एका लग्नसराईत राधाकृष्णनं वरातीतली सगळीच्या सगळी गाणी एकदम विहिरीत ओतली. भार्गवीचं एक हळुवार नाट्यगीत दोन दणदणीत गाण्यांच्या मध्ये सापडलं. दुसऱ्या दिवशी पाहतात तो राधाकृष्णची गाणी गायब.

“चुकून हात लागला,” भार्गवी म्हणाली.

“सगळ्या गाण्यान्ला?”

“हात सारखा चुकत होता.”

राधाकृष्ण दुखावला. पण तो नुसता दुखावून थांबणाऱ्यांतला नव्हता. “आपल्यात गैरसमज नगं,” तो म्हणाला, “म्हनून पोटनियम करून टाकू.”

“मैत्रीत कसले रे पोटनियम?”

“मैत्री हाय म्हनून तर! दुश्मनीला कोर्ट हाय की.”

हा मुद्दा इतका बिनतोड होता की रविवारी कल्याणच्या दुकानात रीतसर सभा बोलावण्यात आली. अध्यक्षपदी कल्याणची बिनविरोध निवड झाली, कारण खुर्ची त्याच्याकडेच होती आणि बाकीचे नळ्यांच्या वेटोळ्यांवर बसले होते. उपाध्यक्ष राधाकृष्ण. मानद सचिव भार्गवी, कारण अक्षर चांगलं. चार जणांच्या संस्थेत तीन पदाधिकारी झाल्यावर उरला एकटा आसाराम. तेव्हा असं ठरलं की आसाराम म्हणजे सर्वसाधारण सभा.

“मंग म्या काय करायचं?” आसारामनं विचारलं.

“आमी ठराव मांडला की मंजूर म्हनायचं.”

“बरं.”

पहिला प्रश्न होता, कोणाचं गाणं आधी वाजायचं. जगात इतरत्र हा प्रश्न कसा सोडवतात कोण जाणे. प्रवरेच्या पाण्यावर वाढलेल्या माणसाला त्याचं एकच उत्तर सुचतं, आणि ते म्हणजे उसाचा तोडणी प्रोग्रॅम. ज्याच्या उसाची लागण, म्हणजे लावणी, आधी, त्याची तोड आधी. कारखान्याला जे लागू तेच गाण्याला लागू. गाण्याची लागण म्हणजे ते गाणं आपण पहिल्यांदा ऐकलं तो दिवस, अशी व्याख्या सचिवांनी करून दिली. प्रत्येकानं आपल्या गाण्याची लागणीची तारीख पुराव्यानिशी नोंदवायची, आणि अध्यक्षांनी क्रमवारी लावायची. क्रमवारी मोडून कोणीही कोणाचंही गाणं वाजवायचं नाही. वाजवल्यास ते चोरटी तोड समजण्यात येईल.

भार्गवीनं आपली नाट्यगीतं जन्माच्याही आधीची दाखवली. आईच्या पोटात असताना आई रेडिओ ऐकायची, असं तिचं म्हणणं.

“पोटातली लागण धरता येत न्हाई,” राधाकृष्ण म्हणाला.

“का नाही? अभिमन्यूची धरली होती.”

सभेनं अभिमन्यूचा आधार मान्य केला आणि भार्गवीची गाणी आडसाली ठरली, म्हणजे सर्वांच्या आधी तोडीला. राधाकृष्णची वरातीतली गाणी बहुतेक जुन्याच चालींवर ढोल चढवून केलेली होती. एकदा तुटून गेलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटतो तो खोडवा. त्या न्यायानं ती सगळी खोडव्यात गेली. खोडव्याचा नंबर हंगामाच्या शेवटी लागतो. राधाकृष्णच्या हिशेबानं त्याचं पहिलं गाणं वाजायला उन्हाळा उजाडणार होता.

हे सगळे ठराव सर्वसाधारण सभेपुढे ठेवायचे तर सर्वसाधारण सभा ट्रॅक्टरला डिझेल भरायला गेलेली. मग गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब करण्यात आली, आणि अर्ध्या तासानं त्याच जागी पुन्हा घेण्यात आली. तहकूब सभेला गणपूर्तीची गरज नसते, ही सोय ज्यानं शोधली त्याचा पुतळा उभारायला हवा, असं कल्याणला त्या दिवशी वाटलं. आसारामच्या गैरहजेरीत आसाराममार्फत सर्व ठराव एकमताने मंजूर झाले.

नुसत्या लागणीच्या तारखेवर गाण्याची प्रत कळत नाही, अशी तक्रार पुढे आली. मग उतारा काढायचं ठरलं. उसाचा साखर उतारा काढतात, तसा गाण्याचा गोडीचा उतारा. अध्यक्षांनी फिरत्या खुर्चीत बसायचं, गाणं लावायचं, आणि खुर्ची आपसूक डोलायला किती वेळ लागतो ते सचिवांनी पाहायचं. भार्गवीच्या नाट्यगीताला खुर्ची डोलली. राधाकृष्णच्या गाण्याला ती जागची हलली नाही.

“नमुना शेंड्याकडून घेतला!” राधाकृष्ण ओरडला. “मुखडा सोडून शेवटाचा तुकडा लावला! शेंड्याला कधी साखर आसती का?”

कल्याणनं खुलासा मागवला. सचिवांनी खुलासा दिला. खुलाशावर खुलासा झाला. या गडबडीत कितीतरी दिवस विहिरीतलं एकही गाणं कोणी ऐकलं नाही, पण कामकाज इतकं वाढलं होतं की ते कोणाच्या लक्षात आलं नाही. फक्त कल्याणची बायको रेश्मा एकदा जेवायला वाढताना म्हणाली, “आजकाल तुमी गानं ऐकत न्हाई व्हय?”

“वेळ कुठाय? प्लेलिस्टचं काम आसतं.”

खरं तर कल्याणला आता त्या कामाची गोडी लागली होती. चहाच्या टपरीवर कोणी तरी ‘राम राम चेअरमन’ म्हणालं, तेव्हा त्यानं आधी मागं वळून पाहिलं. मागं कोणी नव्हतं. त्या दिवसापासून तो चालताना हात पाठीमागं बांधायला लागला. दुकानावर पाटी लागली: ‘विहीर सहकारी गाणी संस्था मर्यादित (नियोजित)’. नियोजित या शब्दाचा एक फायदा असतो. तो कंसात बसतो आणि वर्षानुवर्षं उठत नाही.

राधाकृष्ण मात्र स्वस्थ बसलेला नव्हता. पोटनियमांत सभासद होण्याला मनाई नव्हती, एवढं त्यानं वाचून ठेवलं होतं. त्यानं पुणतांब्याहून आपले मामा आणले, कोपरगावाहून साडू आणला, साडूचे भाऊबंद आणले. मामांचं नाव सहादेव. त्यांच्याकडे बटणांचा फोन होता. भार्गवीनं रीतीप्रमाणे विचारलं, “मामा, तुमचं आवडतं गाणं कोणतं?”

“आमचं काय बाई,” मामा म्हणाले, “राधाकृष्ण म्हनंल ते.”

मामांची नोंद क्रियाशील सभासद म्हणून झाली. हे पाहून कल्याणनंही कंबर कसली. एका फिल्टरमागं एक सभासदत्व, अशी योजना त्यानं दुकानात लावली. भार्गवी पालकसभेत फॉर्म वाटू लागली. बघता बघता विहिरीचं क्षेत्र गोदावरीपर्यंत गेलं. गाणी मात्र होती तेवढीच राहिली, कारण नवीन सभासदांपैकी कोणालाच गाणं टाकायचं नव्हतं. त्यांना मतदान करायचं होतं.

तेव्हा निवडणूक आलीच. ‘विहीर बचाव पॅनल’ कल्याणचं, निशाणी कपबशी. ‘विहीर विकास पॅनल’ राधाकृष्णचं, निशाणी छत्री. जेवणावळी झाल्या. मतदारांच्या सहली निघाल्या. लहानपणी एका डब्यात जेवलेले कल्याण आणि राधाकृष्ण एकमेकांना ‘समोरचे’ म्हणू लागले. आणि निवडणूक गाण्यांच्या यादीची असल्यामुळे, गाणी वाजली तर मतदारांवर प्रभाव पडेल, या रास्त कारणावरून आचारसंहिता लागू झाली. निकाल लागेपर्यंत विहिरीतलं एकही गाणं वाजवायचं नाही, नवं गाणं टाकायचं नाही. हा नियम अध्यक्ष या नात्यानं कल्याणनंच सुचवला होता आणि त्याचा त्याला अभिमान होता.

याच काळात एका मंगळवारी आसाराम दुकानात आला. नळ्यांच्या वेटोळ्यावर बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“कल्या, शुक्रवारी निगतोय.”

“कुठं?”

“कर्नाटकात. तिथल्या कारखान्यावर ऊस तोडायचं मशीन चालवायला. दोन हंगामांचा करार केलाय.”

“दोन हंगाम? आन वस्ती?”

“भाऊ बघंल. आई हाय.” मग आसारामनं खिशातून मोबाईल काढला आणि तो आयुष्यात बोलला नव्हता इतकं बोलला. “एक गानं हाय. लई दिस मनात हाय. विहिरीत टाक. परवा गुरुवार हाय. तुमी तिघं वस्तीवर या, राध्याला बी आन. कठड्यावर बसू, ऐकू. आई शेंगा भाजनार हाय. मला काय जाताना बोलता यायचं न्हाई, तुला ठाव हाय. त्या गान्यात हाय सगळं.”

कल्याण खुर्चीतून अर्धा उठलासुद्धा. पण उठताना त्याची नजर बाहेर गेली. समोरच्या टपरीवर सहादेवमामा बशीत चहा ओतून दुकानाकडे टक लावून बसले होते. समोरच्यांचा माणूस. आता जर अध्यक्षांनी आपल्या जवळच्या मित्राचं गाणं क्रमवारी मोडून घेतलं, तर संध्याकाळपर्यंत पुणतांब्याला पत्रकं वाटली गेली असती. कल्याण परत बसला. खुर्ची थोडी फिरली आणि थांबली.

“आश्या, आचारसंहिता हाय रे. तू अर्ज कर.”

“मित्राकडं?”

“अध्यक्षाकडं. लागणीची तारीख लिव्ह. निकाल लागला की पहिल्या सभेत घेतो.”

“म्या शुक्रवारी चाललो, कल्या.”

“नियम सगळ्यान्ला सारखाच हाय. तुला सूट दिली तर लोक काय म्हनतील?”

“मंग तुझ्या फोनवर धाडू का? तू एकटा तरी ऐक.”

“आता नगं. निवडनुकीत असलं काय फोनवर घेतलं तर लाच धरतील.”

आसारामनं कागद मागून घेतला, काउंटरवर वाकून सावकाश अर्ज लिहिला, खाली सही केली आणि दोन्ही हातांनी पुढे केला.

“घ्या, अध्यक्षसाहेब.”

कल्या नाही. अध्यक्षसाहेब. कल्याणनं पोच मात्र नियमाप्रमाणे तारखेनिशी लिहून दिली, आणि याबद्दल त्यानं मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. नि:पक्षपातीपणा म्हणतात तो हाच असावा.

गुरुवारी तो वस्तीवर जाणार होता. अगदी नक्की जाणार होता. पण कोपरगावला प्रचारसभा निघाली, तिथे मतं खूप होती, आणि मित्र काय, समजून घेतो. भार्गवी उमेदवार म्हणून त्याच्या शेजारी व्यासपीठावर होती. राधाकृष्ण त्याच वेळी पुणतांब्यात. तिघंही मैत्रीतून जन्मलेल्या संस्थेवर मनापासून बोलत होते. विहिरीच्या कठड्यावर आसाराम आणि बनुबाई दोघंच बसले. शेंगा गार झाल्या. अंधार पडल्यावर बनुबाईंनी त्या मुलाच्या प्रवासाच्या पिशवीत भरल्या, असं नंतर रेश्माला बाजारात कळलं.

शुक्रवारी गाडीत बसल्यावर आसारामनं, लाच धरतील हे माहीत असूनही, गाणं कल्याणच्या फोनवर धाडलं. सोबत एकच शब्द होता: ‘ऐक.’ कल्याण मतदार यादीवर खुणा करत होता. त्यानं घाईघाईत खाली अंगठ्याचं चित्र टाकलं आणि पुढच्या नावाकडे वळला.

निवडणूक कपबशीनं जिंकली. गुलाल उडाला. दिवाळीनंतर मंगल कार्यालयात पहिली वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. सुरुवातीला सचिवांच्या हातून चुकून गेलेल्या गाण्यांना दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहण्यात आली. अहवाल वाचून कायम झाला. छत्रीवाल्यांनी माईक ओढला, कपबशीवाल्यांनी तो परत ओढला. मग विषयपत्रिकेवरचा शेवटचा विषय आला: सभासद आसाराम यांचा गाण्याबाबतचा अर्ज. कल्याण उभा राहिला. त्याचा आवाज खरोखर भरून आला होता.

“बंधू-भगिनींनो, ह्ये गानं माझ्या जिवाभावाच्या मित्राचं हाय. आज तो हितं न्हाई. क्रमवारी बाजूला ठिवून ते घ्यावं, अशी माझी नम्र विनंती हाय.”

“मंजूर! मंजूर!” सभा दुमदुमली. सर्वांत मोठा आवाज सहादेवमामांचा होता. ते विरोधी पॅनलचे, पण सभा म्हटलं की त्यांच्या तोंडून दुसरा शब्द निघत नसे. लाडू वाटण्यात आले. गाणं वाजवावं अशी सूचना कोणी केली नाही, आणि पत्रिकेवर नसलेला विषय घेता येत नाही. वरातीमागून का होईना, घोडं आलं होतं.

त्याच संध्याकाळी कल्याणनं कर्नाटकात फोन लावला. पलीकडे मशीनची घरघर होती, मग ती थांबली.

“आश्या, अभिनंदन! तुझं गानं मंजूर झालं. एकमतानं! राध्याच्या मान्सांनी सुदिक हात वर केलं.”

“बरं.”

“दोन्ही पॅनल एकत्र आली तुझ्या गान्यासाठी. इतिहासात पहिल्यांदा!”

“ऐकलं का?”

“आँ?”

“गानं. ऐकलं का तुमी?”

“आरं, मंजूर केलंय,” कल्याण म्हणाला. “आता ऐकायचं काय राह्यलं?”

पलीकडे बराच वेळ नुसता श्वास. असाच श्वास कल्याणनं अंगाईगीताच्या दुपारी ऐकला होता. तेव्हा त्यानंतर ‘पोरगी झाली’ आलं होतं. आता आलं, “बरं, अध्यक्षसाहेब,” आणि पुन्हा मशीनची घरघर सुरू झाली.

फोन ठेवल्यावर कल्याणला कसंसंच झालं. आपण काहीतरी गमावून बसलो, हे त्याला स्पष्ट कळलं, आणि ते कळल्यावर दुकानात एकट्यानं बसवेना. त्यानं मोबाईल उघडला. आसारामचं ते गाणं शोधलं. मध्ये सभासदांचे गुलालाचे फोटो होते, शुभेच्छा होत्या, हात जोडलेली चित्रं होती. त्या सगळ्यांच्या तळाशी ते सापडलं. वर ‘ऐक’, खाली त्याचाच अंगठा. त्यानं बोट टेकवलं. गाणं सुरू होणार, तेवढ्यात राधाकृष्णचा फोन आला. निवडणुकीला आव्हान द्यायचं का मिटवायचं, ते आत्ताच्या आत्ता ठरवायचं होतं. बोलणं लांबलं. संपलं तेव्हा कल्याण दमला होता. उद्या निवांत ऐकू, तो म्हणाला. असल्या गाण्याला निवांतपणाच हवा.

उद्या दुकानात गर्दी होती. परवा तालुक्याला जायचं होतं. पण यापुढे असं कोणाच्या बाबतीत होऊ नये, ही तळमळ त्याला स्वस्थ बसू देईना. म्हणून संचालक मंडळाची तातडीची बैठक बोलावून त्यानं श्रवण समिती नेमली. आलेली गाणी सभासदांच्या वतीनं ऐकायची आणि ती ऐकल्याचा अहवाल द्यायचा, हे तिचं काम. समितीच्या अध्यक्षपदी, समोरच्यांनाही सामावून घ्यावं म्हणून, सहादेवमामांची निवड झाली. आसारामचं गाणं समितीकडे पहिलंच आहे. अहवाल अद्याप यायचा आहे.

विहिरीच्या कठड्यावर आता बनुबाई एकटीच असते. विहिरीत नवं गाणं आसारामनं पुन्हा टाकलं नाही. त्याला तिकडे कसं काय चाललंय, ज्ञानेश्वरीची पोरगी चालायला लागली का, यातलं कल्याणला काही कळत नाही. अधूनमधून त्याला ते फार लागतं. मग तो विषय पुढच्या सभेच्या पत्रिकेवर घेतो.

आपण मात्र हे सगळं मजेनं वाचलंत. आडसाली नाट्यगीताला हसलात, शेंड्याकडच्या नमुन्याला हसलात, मामांना तर हसलातच. एवढ्या वेळात आसारामचं ते गाणं कोणतं होतं, हे विचारायचं आपल्याही राहून गेलं असेल, तर संकोच नको. आपल्या मोबाईलमध्ये खाली कुठेतरी एखाद्या मित्रानं ‘ऐक’ म्हणून पाठवलेलं काहीतरी असेल आणि त्याखाली आपण घाईघाईत दिलेला अंगठा असेल. आमच्या पोटनियमांनुसार तो पूर्ण संमती म्हणून धरण्यात येतो. आपलं नाव क्रियाशील सभासदांत घेतलं आहे.